नवे ब्लॉकबस्टर, जुने भयपट: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिनेमाचा विषय निघाला की माझ्याकडे ठरावीक प्रश्न येतात. कुणाला जुने भयपट बघायचे असतात पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, कुणाला हल्लीच्या मोठ्या सिनेमांवरून माझ्याशी भांडायचं असतं. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं. मतं माझीच आहेत आणि मनापासूनची आहेत.

तुम्ही समीक्षक आहात का?

नाही. सिनेमाचं शिक्षण घेतलेलं नाही, त्यावर पोटही भरत नाही. मोठा सिनेमा लागला की थिएटरात जाऊन बघते आणि रात्री घर शांत झालं की जुना भयपट लावते. वर्षानुवर्षं हे दोन्ही आलटून पालटून बघताना एक मत पक्कं होत गेलं. प्रेक्षकाला वाट बघायला कसं लावायचं, हे जुन्या भयपटांना फार चांगलं कळत होतं. आणि आजच्या अवाढव्य सिनेमांपैकी जे माझ्या मनात राहिले, त्यांनाही ते कळलेलं आहे. खालच्या बऱ्याच उत्तरांत हे मत पुन्हा पुन्हा डोकावेल.

जुना भयपट म्हणजे नेमका किती जुना?

माझ्यापुरता १९२० च्या 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी'पासून १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'पर्यंत. त्यानंतरचे भयपटही बघते, काही खूप आवडतात, पण लोक मला 'जुने' म्हणून विचारतात ते साधारण याच काळातले असतात.

ते आज बघून खरंच भीती वाटते का?

काहींची वाटते, काहींची नाही, आणि वयाशी त्याचा फारसा संबंध नाही.

रॉबर्ट वाइज यांचा १९६३ चा 'द हाँटिंग' घ्या. कृष्णधवल, रक्ताचा एक थेंब नाही, आणि भूत एकदाही दिसत नाही. एका रात्री दोन बायका खोलीत अंग चोरून बसल्या आहेत आणि बाहेरच्या बोळातून धाड धाड आवाज जवळ जवळ येतोय. पडद्यावर दिसतं काय, तर त्यांचे चेहरे, दार, दाराची मूठ. मी मात्र त्या दाराच्या कोरीवकामात चेहरे शोधू लागते. पुढे एका प्रसंगात बंद दाराची भक्कम लाकडी फळी आतल्या बाजूला फुगते, पलीकडून कुणीतरी अंगाने रेटल्यासारखी. एवढंच. आणि तेवढ्याने अंगावर काटा येतो. याच दिग्दर्शकाने दोन वर्षांनी 'द साउंड ऑफ म्युझिक' केला, हे मला आजही नवलाचं वाटतं.

जॅक क्लेटन यांचा १९६१ चा 'द इनोसंट्स' तर माझ्या मते या सगळ्यांत उत्तम. हेन्री जेम्स यांच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू' या कथेवर तो बेतलेला आहे. त्यात तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यात काळ्या कपड्यातली एक बाई उभी दिसते. भरदिवसा, लांबवर, निश्चल. संगीताचा धक्का नाही, कॅमेऱ्याची झेप नाही. ती फक्त उभी आहे. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी लेन्सपुढच्या काचांच्या कडा रंगवून घेतल्या होत्या, त्यामुळे चित्राच्या दोन्ही बाजू अंधारात विरत जातात आणि आपली नजर सारखी त्या कडांकडे जाते. तिथे कुणी उभं तर नाही ना?

उलट १९३१ चा 'ड्रॅक्युला' मला आज भीतीदायक वाटत नाही. बेला लुगोसी यांचा आब आणि डोळे सोडले तर सिनेमा नाटकासारखा एका जागी बसून राहतो. त्याच वर्षीचा 'फ्रँकेनस्टाइन'ही भीती घालत नाही, पण तो मी पुन्हा पुन्हा बघते, कारण तो फार करुण आहे. बोरिस कार्लोफ यांचा तो अजस्र जीव छतातून येणारा उजेड पहिल्यांदा बघतो आणि तो धरायला दोन्ही हात वर करतो. त्या हातांसाठी तरी बघा.

एकदम दचकवणारे प्रसंग तुम्हाला आवडत नाहीत का?

आवडतात, पण दचकवण्याआधी कष्ट घेतलेले हवेत.

या युक्तीचा गाजलेला पहिला नमुना १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये आहे. रात्री एक बाई बागेच्या भिंतीकडेने एकटी चालली आहे. मागून दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज येतोय. मग तो आवाज थांबतो. ही वळून बघते, रस्ता रिकामा. ती पावलं उचलते, घाबरते, पळायला लागते, आणि अचानक फिस्स करून काहीतरी पडद्यात घुसतं. ती बस असते. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून सिनेमावाले आजही या युक्तीला 'ल्यूटन बस' म्हणतात. गंमत अशी की बस आल्यावर सुटका होत नाही. ती टाचांची पावलं कुठे गेली, हा प्रश्न तसाच राहतो.

दुसरा नमुना १९९० च्या 'द एक्झॉर्सिस्ट थ्री'मधला, विल्यम पीटर ब्लॅटी यांचा. रुग्णालयाचा लांबलचक बोळ, रात्रपाळीची परिचारिका आणि पार टोकाला रोवलेला कॅमेरा. बराच वेळ तिचं रोजचं कामच चाललेलं दिसतं. पुढे काय होतं ते इथे लिहिणार नाही.

माझी कसोटी साधी आहे. दचकल्यानंतरच्या मिनिटात भीती उरली, तर तो प्रसंग जमला. कपाटाचं दार आपटलं, वाद्यं किंचाळली, आणि बाहेर आलं मांजर, अशा प्रसंगात आवाजाने कान दुखतात आणि लगेच सगळं विसरायला होतं. असे पाच-सहा प्रसंग ओळीने आले की मी पडद्याकडे विश्वासाने बघणं सोडून देते.

'जॉज' हा भयपट की ब्लॉकबस्टर?

दोन्ही, आणि म्हणूनच माझ्यासाठी तो या सगळ्या चर्चेच्या मध्यावर आहे.

या शार्कपटाचे दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग तेव्हा तिशीचेही नव्हते. त्यांनी चित्रीकरण टाकीत न करता खऱ्या समुद्रात करायचं ठरवलं. यांत्रिक शार्क बनवला, तो खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत राहिला. हातात शार्क नाही, म्हणून पाण्याच्या पातळीवरून सरकणारा कॅमेरा, जॉन विल्यम्स यांचे ते दोन स्वर, आणि नंतर शार्कला अडकवलेली, पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपं यांवर काम भागवावं लागलं. सिनेमाचा तासाहून अधिक वेळ निघून जातो तरी शार्क धड दिसत नाही. आणि तो कुठेही असू शकतो, ही धास्ती त्या सबंध तासाला व्यापून असते.

२० जून १९७५ ला तो अमेरिकेत ४०० हून अधिक थिएटरांत एकाच दिवशी लागला, टीव्हीवर जाहिरातींचा मारा झाला, आणि उन्हाळी ब्लॉकबस्टर नावाचा प्रकार तिथून रुळला. माझं दुःख असं की चित्रपटधंद्याने त्यातला अर्धाच धडा उचलला. एकाच दिवशी सगळीकडे लावा आणि गाजावाजा करा, हे सगळ्यांनी शिकून घेतलं. प्राणी लपवून ठेवा, हे फार थोड्यांनी. पुढे स्पीलबर्ग यांनी स्वतः मात्र तो धडा सोडला नाही. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'मध्ये दोन तासांहून अधिक लांबीत डायनासोर पडद्यावर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं. मग आपल्याला सगळीकडे डायनासोर असल्यासारखं का आठवतं? कारण पेल्यातल्या पाण्यावर उठणारी वर्तुळंसुद्धा आपण डायनासोर म्हणूनच लक्षात ठेवलेली असतात.

म्हणजे हल्लीचे ब्लॉकबस्टर तुम्हाला पटत नाहीत?

हा गैरसमज मला खरोखर दूर करायचा आहे. मोठ्या पडद्यावरच्या मोठ्या गोष्टीसारखा आनंद मला दुसरा नाही.

२०२२ चा 'टॉप गन: मॅव्हरिक' बघा. नट खऱ्या लढाऊ विमानांत मागच्या आसनावर बसले होते, त्यामुळे वळणावर चेहरे जसे ओढले जातात तसा अभिनय कुणालाही करता येणार नाही. पण तो सिनेमा चालतो तो दुसऱ्याच गोष्टीमुळे. शेवटची कामगिरी काय आहे हे आपल्याला आधीच नीट समजावून दिलेलं असतं: अरुंद दरीतून खालून उडायचं, डोंगरावरून उलटं होऊन उतरायचं, नेम साधायचा आणि मग जीव काढणारी उभी चढण. वेळेचं बंधनही माहीत असतं. सरावात ते तरुण वैमानिकांपैकी कुणालाच जमत नाही, हेही आपण बघतो. म्हणून प्रत्यक्ष उड्डाण सुरू होतं तेव्हा पुढचं प्रत्येक वळण आपल्याला ठाऊक असतं आणि तरीही, किंवा त्यामुळेच, श्वास अडकतो.

'ड्यून'च्या पहिल्या भागात, २०२१ साली, दनी व्हिलनव्ह यांनी वाळूतला तो महाकाय किडा बराच काळ फक्त वाळूच्या हलण्यातून जाणवू दिला. २०२४ च्या दुसऱ्या भागात नायक त्यावर स्वार होतो तो प्रसंग तर मी कधीही पुन्हा बघायला तयार आहे. तो टेकडीवर उभा आहे, लांबून वाळूची लाट येतेय, आणि पायाखालची टेकडीच खचते. त्याआधीची ती थांबून राहिलेली मिनिटं नसती, तर पुढच्या थराराला काही वजन आलं नसतं.

आणि २०२३ चा 'गॉडझिला मायनस वन'. ताकाशी यामाझाकी यांनी लेखन, दिग्दर्शन आणि दृश्य परिणामांची देखरेख, तिन्ही सांभाळलं. युद्धातून पळून आलेला वैमानिक, उद्ध्वस्त शहर, आणि त्याला धरून राहिलेलं एक कुटुंब, ज्यात कुणाचंच कुणाशी रक्ताचं नातं नाही. ती माणसं इतकी जवळची होतात की राक्षस आल्यावर इमारतींकडे लक्ष जात नाही, आपण गर्दीत ओळखीचे चेहरे शोधत राहतो. लाकडी बोटीचा पाठलाग होतो तो भाग तर थेट 'जॉज'च्या घराण्यातला आहे.

मला न पटणारा प्रकार वेगळा. पहिल्याच दृश्यात शहर कोसळतं, दहाव्या मिनिटाला दुसरं कोसळतं, आणि अखेरच्या अर्ध्या तासात राखाडी आकाशाखाली दोन सैन्यं एकमेकांवर धावून जातात. कोण कुठे आहे कळत नाही, कुणाला काही होईल अशी भीती वाटत नाही. खर्च अमाप झालेला दिसतो, पण त्याची झळ कुठेच लागत नाही.

संगणकाने केलेली दृश्यं वाईट आणि हाताने केलेली चांगली, असं तुमचं मत आहे का?

नाही. 'गॉडझिला मायनस वन'चा राक्षस संगणकातलाच आहे. दीड कोटी डॉलरच्या आत सिनेमा झाला आणि त्याला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. 'टॉप गन: मॅव्हरिक'लाही त्याच विभागात नामांकन होतं, म्हणजे खऱ्या विमानांच्या जोडीला संगणकाचं कामही भरपूर होतं. पैसा आणि साधन यांपेक्षा दिग्दर्शकाला कोणती गोष्ट किती वेळ दाखवायची हे कळलंय का, याने फरक पडतो.

तरीही १९८२ च्या 'द थिंग'बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. बर्फात अडकलेली माणसं आणि त्यांच्यापैकी कुणाचंही रूप घेणारा जीव. रॉब बॉटिन यांनी विशीत असताना रबर, रसायनं, तारा आणि चिकट द्रव यांतून जे उभं केलं ते आजही बघवत नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणते. ती गोष्ट त्या खोलीत खरोखर आहे. तिच्यावर दिव्याचा उजेड पडतो, नटांचे डोळे तिच्याकडेच लागलेले असतात. सिनेमा लागला तेव्हा समीक्षकांनी झोडपला आणि तो पडला. दोनच आठवड्यांपूर्वी 'ई.टी.' आला होता, लोकांना प्रेमळ परग्रहवासी हवा होता. आज 'द थिंग'चं नाव सर्वोत्तम भयपटांत घेतलं जातं, आणि ते रास्त आहे.

संगणकाने नासवलेलं उदाहरण हवं असेल तर २०२४ चा 'एलियन: रोम्युलस'. त्यातले प्राणी बहुतांशी प्रत्यक्ष बनवलेले आहेत, म्हणून अरुंद बोळातले प्रसंग झकास झालेत. पण २०२० साली वारलेल्या इयन होम यांचा चेहरा त्यात पुन्हा जिवंत केला आहे. कुटुंबाची परवानगी होती, तरी तो चेहरा पडद्यावर आला की मी कथेतून बाहेर पडते. १९७९ च्या 'एलियन'मध्ये त्यांनी जे केलं, ते तिथेच राहू द्यायला हवं होतं.

सुपरहिरोपटांचा तुम्हाला कंटाळा आलाय का?

पोशाखांचा आणि शक्तींचा नाही. मृत्यूला किंमत उरली नाही, याचा आलाय. समांतर विश्वांची कल्पना आल्यापासून गेलेलं कुणीही दुसऱ्या विश्वातून परत येऊ शकतं. २०१७ च्या 'लोगन'चा शेवट, म्हणजे वुल्व्हरिनचा मृत्यू, बघून थिएटरात माझे डोळे भरून आले होते. २०२४ ला 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्ये तोच नट, तेच पंजे पुन्हा हजर. सिनेमा मजेशीर आहे, गर्दीत बघायला धमाल आली. पण आता पुढच्या वेळी असा कुणी पडद्यावर मेला तर मी रडणार नाही, आणि हे नुकसान एका सिनेमाच्या कमाईपेक्षा मोठं आहे असं मला वाटतं.

सिनेमे इतके लांब का झालेत?

लांबीला माझी हरकत नाही. 'अव्हेंजर्स: एंडगेम' १८१ मिनिटांचा आहे आणि त्यातला मला सर्वात आवडणारा भाग म्हणजे सुरुवातीचा तास, जिथे हरलेली माणसं नुसती हरून बसलेली असतात. 'ओपनहायमर' तीन तासांचा, पण अणुचाचणीची ती रात्र इतकी ताणून धरली आहे की मोजणी शून्याला पोचेपर्यंत आपण खुर्चीचा हात घट्ट धरलेला असतो. मग स्फोट होतो तो आवाजाशिवाय. आवाज नंतर येतो. हे भयपटाचं तंत्र आहे, आणि इतक्या मोठ्या सिनेमात ते बघून मला फार आनंद झाला.

पण जुने भयपट किती आटोपशीर असत, हेही बघा. 'फ्रँकेनस्टाइन' सुमारे ७० मिनिटं, 'कॅट पीपल' ७३, 'द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर' ८३, 'हॅलोवीन' ९१. भीती फार वेळ ताणता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ज्यांना जुन्या सिनेमाचा वेग झेपत नाही असं वाटतं, त्यांना मी हेच आकडे सांगते.

भयपटात आवाज इतका महत्त्वाचा का?

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

'सायको'साठी बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली. स्नानगृहातल्या खुनाच्या प्रसंगाला दिग्दर्शक हिचकॉक यांना संगीत नको होतं. हरमन यांनी तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉक यांनी मत बदललं. व्हायोलिनच्या त्या किंकाळ्या काढून तो प्रसंग आज कल्पनाही करता येत नाही.

जॉन कारपेंटर यांनी १९७८ चा 'हॅलोवीन' संगीत नसताना स्टुडिओतल्या एका अधिकारी बाईंना दाखवला, तर त्या जराही घाबरल्या नाहीत. मग कारपेंटर यांनी स्वतःच पाच मात्रांच्या ठेक्यावर पियानोची ती सुरावट बांधली. पाच मात्रांत कान कुठे टेकत नाही, सारखं काहीतरी सांडल्यासारखं वाटतं. खुन्याचा मुखवटा तर दुकानातून आणलेला, 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंग फासलेला. तुटपुंज्या पैशात केवढं काम!

संगीताशिवायचं उदाहरण 'द शायनिंग'मधलं. मुलगा तीनचाकीवरून हॉटेलच्या बोळांतून फिरतो. लाकडी जमिनीवर चाकांची घरघर, गालिचावर एकदम शांतता, पुन्हा घरघर, पुन्हा शांतता. कॅमेरा त्याच्या मागे जमिनीलगत. पुढच्या वळणावर काय असेल, हे आपण त्या आवाजातूनच मोजू लागतो. आजच्या बऱ्याच मोठ्या सिनेमांत पार्श्वसंगीत एक क्षणही गप्प बसत नाही, त्यामुळे शांततेने घाबरवण्याची सोयच उरत नाही.

मला रक्त बघवत नाही. काय बघू?

'द हाँटिंग', 'द इनोसंट्स', 'कॅट पीपल', आणि हिदेओ नाकाता यांचा १९९८ चा जपानी 'रिंगू'. 'रिंगू'त रक्त जवळजवळ नाही, पण त्यातल्या बाईची चाल झोप उडवते. नटीला उलटं चालायला लावून ते चित्रीकरण उलटं फिरवलंय, म्हणून तिचे सांधे माणसासारखे हलत नाहीत. 'द थिंग' आणि १९८६ चा 'द फ्लाय' यांच्या वाटेला जाऊ नका. 'द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर'मध्ये नावाच्या मानाने रक्त फारच थोडं दिसतं, तरी तो तुम्हाला झेपणार नाही. त्याचा त्रास रक्तामुळे होत नाहीच.

'द एक्झॉर्सिस्ट' खरंच शापित होता का?

नाही. चित्रीकरणाच्या काळात सेटला आग लागली, अपघात झाले, हे खरं. शापाची कथा जाहिरातीला सोयीची ठरली आणि टिकली.

मला त्यापेक्षा खरी माहिती जास्त भावते. भूतबाधा झालेल्या मुलीची खोली शीतयंत्रं लावून गोठवली होती, म्हणून पात्रांच्या तोंडून दिसणारी वाफ खरी आहे. आणि सिनेमातला सर्वात भयंकर प्रसंग माझ्या मते भुताचा नाहीच. रुग्णालयात त्या मुलीच्या मानेत सुई घालून तपासणी करतात, यंत्रांचा धडधडाट चालतो, आई काचेपलीकडे उभी असते. डॉक्टरांना काही सापडत नाही. पोरीला काय होतंय हे कुणीच सांगू शकत नाही, ही भीती आईबापांना कळायला भुताखेतांवर विश्वास लागत नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला भयपट, आणि तो मान त्याने कमावलेला आहे.

जुन्याचे नवे अवतार बघावेत का?

बघावेत. 'द थिंग' स्वतः १९५१ च्या सिनेमाचा नवा अवतार आहे, 'द फ्लाय' १९५८ च्या. दोन्ही मूळ सिनेमांच्या पुढे गेले, कारण दिग्दर्शकांना वेगळं काही म्हणायचं होतं. १९९८ साली 'सायको' जवळपास शॉटला शॉट जुळवून पुन्हा केला गेला, रंगात. चित्रं तीच, पण धाक पार गेलेला.

'नॉस्फेरातू'ची गोष्ट तर वेगळीच. १९२२ साली मुर्नाऊ यांनी परवानगी न घेता 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून तो केला. लेखकाच्या पत्नीने खटला भरला, न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती वाचल्या म्हणून जिन्यावरून चढणारी ती सावली आज आपण बघू शकतो. १९७९ ला व्हर्नर हर्झोग यांनी आणि २०२४ ला रॉबर्ट एगर्स यांनी तो पुन्हा केला. तिन्ही बघा, पण मूकपटापासून सुरुवात करा.

हिंदी जुन्या भयपटांचं काय?

१९४९ चा 'महल' आधी. पोकळ हवेली, झोपाळा, आणि लता मंगेशकरांचा लांबून जवळ येत जाणारा आवाज. त्यात दाखवलंय फार थोडं. मग 'बीस साल बाद' आणि 'वो कौन थी'. रामसे बंधूंचे सिनेमे मला आवडतात, पण भीतीसाठी नाही, रंगीत प्रकाश आणि मुखवट्यांच्या हौसेसाठी. राम गोपाल वर्मा यांचा १९९२ चा 'रात' मात्र खरंच घाबरवतो. नव्यांत 'तुंबाड', ज्याची ठिणगी नारायण धारपांच्या एका कथेतून पडली.

अलीकडचा कोणता मोठा सिनेमा तुम्हाला सर्वात जास्त आवडला?

रायन कूगलर यांचा २०२५ चा 'सिनर्स', कारण त्यात माझी दोन्ही वेडं एकत्र आली. १९३२ सालचं मिसिसिपी, मायकेल बी. जॉर्डन जुळ्या भावांच्या भूमिकेत, आणि एका रात्रीत उभं राहणारं नाचगाण्याचं ठिकाण. बराच वेळ पिशाच्चांचा मागमूस नसतो. माणसं जमवणं, जुनी प्रेमं, जुनी देणी, यातच सिनेमा रमतो. मग एक मुलगा गातो आणि त्याच्या गाण्याभोवती मागच्या-पुढच्या काळातले वादक आणि नर्तक एकाच छपराखाली येतात. तो प्रसंग बघताना माझा ऊर भरून आला. आणि त्याच गाण्याच्या ओढीने बाहेर कुणीतरी येऊन उभं राहतं. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही, हा पिशाच्चांचा जुनाच नियम, पण इथे दार कोण उघडतं याला इतिहासाचं वजन आहे. ऑटम ड्युराल्ड आर्कापॉ या आयमॅक्सच्या ६५ मिमी फिल्मवर सिनेमा चित्रित करणाऱ्या पहिल्या महिला छायाचित्रकार. शक्य असेल तर तो सर्वात मोठ्या पडद्यावर बघा.

घरी बघताना काय काळजी घ्यावी?

दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि मूळ भाषेत, उपशीर्षकं लावून. कृष्णधवल सिनेमाला रंग चढवलेली आवृत्ती घेऊ नका. 'सायको' लागला तेव्हा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही असा हिचकॉक यांचा दंडक होता. घरीही तो पाळा: पहिल्या दृश्यापासून, सलग, मध्ये न उठता.

अगदीच नवखी आहे. सुरुवात कुठून करू?

'जॉज'पासून. ब्लॉकबस्टरची सवय असलेल्याला तो ओळखीचा वाटतो आणि भयपटाची गोडी लागते. त्यानंतर 'एलियन', कारण तिथे समुद्राच्या जागी अंतराळ येतं आणि प्राणी तिथेही फार थोडाच दिसतो. मग 'हॅलोवीन' आणि 'सायको'. तोवर कृष्णधवलची अढी गेलेली असेल, तेव्हा 'द इनोसंट्स' लावा. जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' कधीही बघा. ऐनवेळी नाव बदलताना स्वामित्वहक्काची ओळ पडद्यावरून गळाली, त्यामुळे अमेरिकेत तो सुरुवातीपासूनच कुणाच्याही मालकीचा राहिला नाही आणि इंटरनेटवर सहज सापडतो. फक्त खराब, धुरकट प्रती फार फिरतात. दुरुस्त केलेली स्वच्छ प्रत मिळेपर्यंत थांबा, कारण त्या सिनेमात लांबवर, शेताच्या कडेला कोण चालत येतंय, हे नीट दिसायलाच हवं.